मागच्या जिन्याचं दार

मी एक लोखंडी दार. नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानात, दुसऱ्या मजल्यावर, अगदी मागच्या भिंतीत उभं आहे. माझ्या पलीकडं लोखंडी जिना, खाली अरुंद बोळ. संकट आलं तर माणसांना बाहेर पडता यावं म्हणून मला बसवलं. परवाना मिळाला आणि आठवड्याभरात साड्यांचे गठ्ठे मला येऊन टेकले. कुलूपही लागलं. पाच वर्षं मी उघडलंच नाही. नुसतं ओझं सोसून शिणलं.

मग घड्या घालायला सुंदरम्मा आल्या. अक्कलकोटकडच्या, साठीच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मालकांना विचारलं, "आग लागली तर आमी कुटनं जायाचं?"

मालक विरुपाक्ष हसले. "सुंदरम्मा, शुभ बोला की."

"जित्त्या माणसांचंच बोलतीया. अशुभ काय हाय त्यात?"

त्या रोज विचारत राहिल्या. वैतागून मालकांनी गठ्ठे हलवले, कुलूप काढलं, नुसती कडी ठेवली. मग जेवणाच्या सुट्टीत सुंदरम्मांनी सगळ्यांना डोळे मिटून, भिंत चाचपत माझ्यापर्यंत अनेकदा चालवलं. साड्यांना फॉल लावणाऱ्या महेश्वरीचा एक पाय अधू. तिला हमाल धोंडप्पानं पाठीवर घ्यायचं ठरलं. बोळाच्या तोंडाशी, रसवंतीपुढं जमायचं आणि माणसं मोजायची, हेही ठरलं. मालक मात्र एकदाही आले नाहीत. "माझंच दुकान. मला रस्ता ठाऊक हाय," म्हणायचे.

दिवाळी जवळ आली तसे गठ्ठे पुन्हा आले. सुंदरम्मा सकाळी हलवायच्या, संध्याकाळपर्यंत नवे यायचे.

एका दुपारी पुढच्या जिन्याखालच्या वायरींनी पेट घेतला. धूर वर चढला. काही दिसेना, पण भिंतीवरून सरकत माणसं बरोबर माझ्यापाशी आली. आणि मध्ये गठ्ठे! ते उपसण्यात फार वेळ गेला. शेवटी कडी निघाली. सगळी खोकत खोकत उतरली, महेश्वरी धोंडप्पाच्या पाठीवर.

खाली मोजलं. बारांतले अकराच. मालक पुढच्या जिन्याकडं गेले होते.

कुणी अडवायच्या आत सुंदरम्मा परत वर आल्या. पदर तोंडाला लावून माझ्या उंबऱ्याशी बसल्या आणि माझा पत्रा बडवत राहिल्या. "मालक, हिकडं! आवाजाकडं या!"

खूप वेळानं धुरातून एक हात आला. त्यांनी तो धरला आणि ओढला.

मालक वाचले. सुंदरम्मांची छाती मात्र पुन्हा सुधारली नाही. चार महिन्यांनी गावाकडून त्या गेल्याचा निरोप आला. त्या दिवशी दुकान बंद होतं.

मी आता वाकलंय, बिजागऱ्या कुरकुरतात. मालक दर महिन्याला सगळ्यांच्या पुढं चालत माझ्यापर्यंत येतात. डोळे मिटलेले, हात भिंतीवर. नवी पोरं मागं हसतात. गठ्ठा कुणी ठेवलाच तर महेश्वरी भांडते. तीही थकलीय.

तुम्ही बसता तिथंही माझ्यासारखं एखादं दार असेल. उठा, एकदा ढकलून बघा. कुणी कुणाचा हात धरायचा, तेही आजच बोलून ठेवा. धुरात तोंड उघडता येत नाही.