रोहायाचा रकाना

मलय देशभक्तीच्या गाण्यांतून सत्ता कशी बोलते, हे शोधायला सुरुची कॅनडात सस्काटूनला आली होती. काम असं: एकच गाणं दोघींनी वेगवेगळं वाचायचं, प्रत्येकीने आपल्या रकान्यात त्यावर शिक्का मारायचा. त्याग, आज्ञा, धमकी. मग दोन्ही रकाने ताडून पाहायचे; जुळले, तरच निष्कर्ष खरा. दुसरी होती क्वालालंपूरची रोहाया. जानेवारीत ती वारली. चाळीस गाणी राहिली.

सुरुचीने कुणाला कळवलंच नाही. रोहायाचा रकाना स्वतःच भरला, खरा वाटावा म्हणून चार ठिकाणी मुद्दाम मतभेदही घातला. चोरी करावी तर अशी, शिकलेल्या माणसासारखी! शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता, नाहीतर पाच वर्षं मातीत.

गुरुवारी सकाळी शीट उघडली, तर सतराव्या गाण्यापुढे 'धमकी'. तिने 'त्याग' भरलं होतं. दुरुस्त केलं. चहा घेऊन आली, पुन्हा 'धमकी'.

"चैत्राली, माझ्या लॅपटॉपला हात लावलास?"

"मी इथे ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून मरतेय!" रूममेट एक बूट हातात घेऊनच आत आली, स्क्रीनवर वाकली. "बघ, शीटच्या हिस्टरीत तुझंच नाव आहे. झोपेत पीएचडी करतेस का गं बये?"

सुरुचीने त्या गाण्यातली ओळ पुन्हा वाचली. माती तहानली आहे आई, तुझा मुलगा आण. यात तिला त्याग दिसला होता! दिसणारच. शाळेच्या मैदानात असलीच गाणी म्हणत डोळे पुसलेली पोर ती. मागतंय कोण, हे विचारायची सोय कुणी ठेवली होती?

तिने हात मांडीवर ठेवले. रकाना डोळ्यांदेखत बदलत गेला. अठरा, धमकी. एकोणीस, धमकी. वीस, आज्ञा. चैत्रालीच्या हातातला बूट खाली पडला.

सुरुचीने चाळीसही गाणी पुन्हा वाचली. रकाना बरोबर होता, चुकली होती ती. 'रोहाया जानेवारीत गेली' एवढं लिहून तिने शीट तशीच गाईडला पाठवली.

नंदन सरांचा फोन लगेच आला. "दोन्ही रकाने जुळतच नाहीत! तुझा प्रबंध उभा राहत नाही, सुरुची. आणि बाई जानेवारीत गेली, तर आजच्या तारखेच्या नोंदी कुणाच्या? तुझ्या ना? कबूल कर, मुदत मागू आपण."

'हो' म्हणणं किती सोपं होतं!

"मी भरलं होतं ते खोटं होतं, सर. आता आहे ते रोहायाचं आहे."

मग, "डॉक्टरकडे जा," म्हणून फोन बंद.

सुरुचीने आपला रकाना पुसला आणि पहिलं गाणं उघडलं. शेजारची रिकामी खुर्ची फरशीवर करकरत टेबलाजवळ सरकली. सुरुचीने स्क्रीन थोडी तिकडे वळवली.