दादाची पकड

दुपारचा चहा कपात ओतला आणि दार धाडकन उघडलं. कॅज्युअल्टीत गरम चहा प्यायलेली नर्स मी तरी अजून पाहिलेली नाही. एका सुताराने धाकट्या भावाला मागून कवेत आवळून आणलं होतं. धाकटा घामाने निथळत होता, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, कोणीतरी जिवावर उठल्यासारखा सुटायला धडपडत होता. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतका ताप.

काय घेतलंय विचारलं, तर सुतार म्हणाला, बाहेरचं खाणं बाधलं असेल. मी म्हटलं, मी पोलीस नाही आणि माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत. तेव्हा मान खाली घालून त्याने सांगितलं: कुठल्याशा मित्राने दिलेली पांढरी पूड, सकाळपासून दोनदा.

डॉक्टरबाईंनी शांत करणारं इंजेक्शन भरायला सांगितलं, वॉर्डबॉय मामांना बर्फासाठी पिटाळलं, दिवे मंद केले. पण सुताराची मिठी सुटेना. तो जितका आवळायचा तितका धाकटा झुंजायचा, आणि झुंजून अंग आणखीच तापायचं. अशा तापात धडधाकट पोरांची हृदयं बंद पडलेली मी पाहिली आहेत.

"सोड त्याला," मी म्हटलं.

"नाही सोडणार. सकाळी सोडला, तर थेट गॅलरीच्या कठड्यावर चढला. चौथा मजला आहे आमचा, सिस्टर."

माझा आवाज आपोआप खाली आला.

"हा तळमजला आहे. पळाला तर आम्ही आहोत. पण असाच धरून ठेवलास, तर तुझ्याच हातांत जाईल तो."

त्याने सोडलं. किती जड गेलं त्याला, ते त्याच्या बोटांवर दिसलं. धाकटा भिंतीला जाऊन टेकला. डॉक्टरबाई त्याच्यासमोर फरशीवरच बसल्या आणि हळू आवाजात बोलत राहिल्या. तेवढ्यात मी दंडात सुई टोचली. थोड्या वेळाने त्याचे गुडघे वाकले. मग खाट, ओल्या चादरी, काखेत बर्फ, पंखा, सलाईन. सुतार कोपऱ्यातल्या स्टुलावर स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसला होता. मला त्याची फार दया आली, पण बोलायला सवड नव्हती.

ताप उतरेपर्यंत संध्याकाळ झाली. धाकट्याने डोळे किलकिले करून इकडेतिकडे पाहिलं.

"दादा?"

सुतार जागचा हलला नाही. माझ्याकडेच बघत राहिला.

"अरे, आता धर की," मी म्हटलं.

तो उठला, खाटेपाशी गेला आणि धाकट्याची फक्त करंगळी धरली.