परकराची दुमड

“दोन वर्सं झाली, परकराची एक दुमडही सोडावी लागली नाही की गो,” विजयलक्ष्मी अक्का म्हणाल्या. “पोरीला डॉक्टराला दाखीव.”

अक्का आमच्या शेजारच्या, तंजावूरच्या मराठी. चेन्नईत आमच्या वेलचेरी भागातल्या मुलींचे रेशमी परकर शिवतात. आत तीन दुमडी घालून ठेवतात. दर संक्रांतीला, इथल्या पोंगलला, एक उसवायची, म्हणजे परकर मुलीबरोबर वाढतो.

“आमच्याकडे सगळे बुटकेच हो,” मी म्हटलं.

“आणि तिचं पोट?”

“इथलं पाणी मानवत नाही तिला.”

“सात वर्सं झाली. अजून पाण्याशी ओळख नाही?”

मी हसण्यावारी नेलं. संयुक्ता तेव्हा दहाची. पोट दुखलं की मी सांबार बंद करायचे, मेटकूट-भात द्यायचे, कॅनचं पाणीसुद्धा उकळायचे. पुण्याहून आलेल्या आमच्यासारख्यांचं हे ठरलेलंच. पोटाचं काहीही झालं की दोष चेन्नईच्या पाण्याला.

जूनमध्ये तिला बारीक ताप येऊ लागला. एका सकाळी ती बाथरूममध्ये गेली आणि वीस मिनिटं नळ धो धो चालू. दार वाजवलं, ढकललं. कमोडच्या भांड्यात रक्त होतं.

“कधीपासून?”

“पोंगलपासून.”

“सांगितलं का नाहीस?”

तिने नळ बंद केला. “तू डोसा बंद केला असतास.”

मुलांच्या पोटविकारांच्या डॉक्टर लावण्या यांनी पोट दाबून पाहिलं, तोंडात फोड आहेत का पाहिलं आणि शाळेची प्रगतिपुस्तकं मागवली. त्यांत दर सत्राची उंची असते. मी आजवर फक्त मार्क बघत आले. त्यांनी तक्त्यावर एकेक ठिपका दिला. सात ठिपके चढले, पुढचे चार आडवे पडले.

“पाण्याने असं होत नाही,” त्या म्हणाल्या.

रक्तात हिमोग्लोबिन आठ. शौचाच्या तपासणीत आतड्याची सूज दाखवणारं एक प्रथिन पन्नासच्या आत हवं, हिचं नऊशे. मग भूल देऊन दुर्बीण. आत जखमा होत्या, मधेमधे चांगली जागा सोडून. त्यांचे तुकडे तपासायला गेले.

“क्रोन्स असेल, म्हणजे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं तो आजार, किंवा आतड्याचा टीबी. दिसायला दोन्ही सारखे. क्रोन्सचं औषध प्रतिकारशक्ती दाबतं, टीबी असताना दिलं तर तो पसरेल. रिपोर्टपर्यंत थांबायचं.”

आठ दिवस मला बसवेना. फोन उलटा ठेवायचा, पुन्हा सुलटा करायचा. दिसेल तेव्हा तिला दाराच्या चौकटीला उभी करायची, पेन्सिलची खूण करायची.

“तासातासाला मोजून उंची वाढत नाही,” माझा नवरा विश्वेश म्हणाला. पण पट्टी त्यानेच आणून दिली.

नवव्या दिवशी फोन आला. टीबीची खूण कुठेच नाही, क्रोन्स आहे. आजार जन्मभराचा, पण आटोक्यात राहणारा. उपचार वेळेत सुरू झाले तर उंचीही धरेल. सुरुवातीला आठ आठवडे, आतड्याची सूज उतरावी म्हणून, फक्त डॉक्टरांनी दिलेल्या खास पावडरचं दूध, बाकी काही नाही.

“म्हणजे डोसा बंदच,” संयुक्ता म्हणाली.

“आठ आठवडे. मग पहिला मी घालीन.”

तिने कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला. परकर मी अक्कांकडेच ठेवलाय, दुमडीसकट.

तुमच्या घरी कुणी नळ सोडून फार वेळ आत बसत असेल, तर आज दार वाजवा. पण खायचं काही बंद करणार नाही, एवढं आधी सांगा. मग विचारा.