तळ्याच्या गाळात माझी मुळं

मित्रांनो, मी एक जुना कांदा आहे, मागच्या हंगामातला. माझे बहुतेक भाऊबंद कढईत गेले. मला मात्र प्रयोगशाळेतल्या बाईंनी उचललं, माझी वाळकी मुळं खरवडली आणि काचेच्या पेल्यावर बसवलं.

पेल्यात तळ्याच्या तळाचा गाळ कालवून निवळलेलं पाणी होतं. तळ्यात काही विषारी आहे का, ते बाईंना माझ्या मुळांवरून पाहायचं होतं. त्याच तळ्यात पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांनी स्वतः बुडी मारून तो गाळ आणला होता, पण त्यांना हे पटत नव्हतं.

"तळं कसं आरशासारखं आहे, बाई! रविवारी माझी नात पहिल्यांदा उतरणार. तुम्ही उगाच नाकाने कांदे सोलताय."

शेजारच्या पेल्यात, शुद्ध पाण्यावर, माझा एक भाऊ बसला होता. दोन दिवसांत आम्हा दोघांनाही पांढरीशुभ्र मुळं फुटली. "बघा, कसली तरारलीत!" मास्तर म्हणाले, आणि मी खरंच फुगलो. पण बाईंनी मुळांची टोकं कापली, लाल रंगात बुडवली आणि काचेखाली दाबून सूक्ष्मदर्शकात ठेवली.

आधी त्यांनी मास्तरांना भावाचं मूळ दाखवलं. एका पेशीच्या दोन होत होत्या. गुणसूत्रांचे बारीक धागे मधोमध ओळीने उभे राहिले होते, पुढच्या पेशीत ते निम्मे इकडे, निम्मे तिकडे सरकले होते. एकही मागे राहिला नव्हता. जन्मभर वाढलो मी, पण वाढणं म्हणजे काय ते बाईंच्या तोंडून त्या दिवशी ऐकलं. माझ्या सालीसुद्धा शहारल्या.

मग माझी पाळी आली. माझे धागे तुटले होते. तुटके तुकडे मागे पडले होते, आणि तेही जागोजागी.

"पण मुळं तर चांगली दिसत होती!" मास्तर म्हणाले.

"वरून तळंही चांगलंच दिसतं, मास्तर. लोकांनी टाकलेलं विष खाली गाळात मुरलंय."

मास्तरांनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा बाजूला घेतला. "नातीला नाही उतरवत," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "बाई, मी तिच्याएवढा होतो तेव्हापासून त्याच पाण्यात आहे. माझ्यात काय झालं असेल?"

"ते कांदा नाही सांगू शकत. डॉक्टरांकडे जाऊ, मी येते तुमच्याबरोबर."

मित्रांनो, माझी टोकं कापली तरी मला नवी मुळं फुटतात. माणसाचं तसं नाही. म्हणून तळ्यात काही टाकण्याआधी हात जरा आवरा.

हल्ली मास्तर नातीला घेऊन नव्या गाळाचा निकाल विचारायला येतात. थांबून राहावं लागलं, की तिला बाकावर पालथं झोपवून हात मारायला शिकवतात. ती हवेतच पोहते आणि विचारते, "आजोबा, पाण्यात कधी?"