उलटा लिहिलेला आकडा

"मी सांगतो ते ह्या बेंगळुरात आजवर कुणाला पटलं नाही, तुलाही पटणार नाही," मल्लाप्पा म्हणाला. "मी एकदा आकड्यात कोंडला गेलो होतो."

बनशंकरीतल्या त्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये लटकली होती. वॉचमन शिवाप्पा किल्ली आणायला गेला त्याला वीस मिनिटं झाली. आत दोघंच. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून रिटायर झालेला निपाणीचा मल्लाप्पा, आणि शेजारच्या फ्लॅटमधली, पुण्याहून आलेली स्मिता. तिला बंद जागा सोसत नव्हती. श्वास वरच्या वर चालला होता. म्हाताऱ्याला दुसरं औषध ठाऊक नव्हतं, त्यानं गोष्ट काढली.

"कसला आकडा?" तिनं धापेतच विचारलं.

"कारखान्यात शीतखोली होती, सुटे भाग गोठवून तपासायची. मालकाच्या जावयाचं डोकं अचाट. दाराला कडीच नाही. बाहेर एक आकडा लिहिलेला, आत बटणं. त्या आकड्याला जिनं पूर्ण भाग जाईल अशी सगळ्यांत लहान संख्या दाबायची, एक सोडून. तीही एकदाच. चुकलं की सोमवारपर्यंत आत. एका शनिवारी मीच आत अडकलो. शिंकलो, तर शिंकेच्या गारा पडल्या बघ."

लिफ्ट वीतभर खाली सरकली. स्मितानं दांडा घट्ट धरला. मल्लाप्पाचाही सदरा पाठीला चिकटला होता, पण त्यानं आवाज हलू दिला नाही.

"मग?"

"बाहेर ठकुबाई झाडत होती, मराठी बाई. काचेला तोंड लावून ओरडली, बहात्तर, शहाऐंशी, त्रेपन्न, सत्त्याण्णव. आता माझी शाळा कन्नड. तिथं आधी सत्तर म्हणतात, मग दोन. जसं ऐकावं तसं लिहावं. मराठीत आधी दोन ऐकू येतो. घाबरलेला माणूस, ऐकलं तसंच दारावरच्या बर्फात नखानं लिहिलं. २७ ६८ ३५ ७९."

"परत सांगा."

त्यानं परत सांगितलं. तिनं फोन काढला. रेंज नव्हती, पण बोटं चालू लागली. बोटांना काम लागलं हे बघून मल्लाप्पाला हुशारी आली.

"मग ओळीनं धरलं. दोननं जात नाही, तीननं नाही, पाचनं नाही, सातनं नाही. अकरा! जोड्यांची बेरीज अकरानं गेली की आकडाही जातो, आणि बेरीज दोनशे नऊ, अकरानं जाते. दाबला अकरा, दार उघडलं. बाहेर येऊन बघतो तर मी आत लिहिलेली जोडी न् जोडी उलटी. पण सुलट्या जोड्यांची बेरीज तीनशे आठ, तीही अकरानं जाते. अकरा सज्जन माणूस, कसाही उभा करा, ओळख देतो."

ही गोष्ट त्यानं राजाजीनगरपासून निपाणीपर्यंत सांगितली होती. भागाकार कुणी केला नव्हता.

स्मिताचा श्वास जाग्यावर आला होता. "अण्णा, सात तपासला होता?"

"तपासला की."

"त्या थंडीत, नीट?"

"अगदी नीट."

तिनं फोन त्याच्या नाकासमोर धरला. "ठकुबाईचा आकडा सातनं जात नाही. पण तुम्ही लिहिलेला जातो, बाकी शून्य. म्हणजे तुम्ही सातच दाबला असता, आणि दार उघडलंच नसतं. अण्णा, थाप मारताय तुम्ही."