दाराआडचं अभिनंदन

शांतम्माची जीभ भारी तिखट. सोलापूरच्या बाळीवेशीत हे कुणाला वेगळं सांगावं लागत नसे. त्याच जिभेनं तिनं एकुलत्या एका लेकाला तोडलं होतं. स्पेनमध्ये नोकरीला गेलेल्या गुरुराजनं तिथल्या नूरियाशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा बाई फोनवर फाडकन बोलून गेली, "ती माझ्या उंबऱ्याच्या आत नको." गुरुराजनं फोन ठेवला तो ठेवलाच. मग इकडे रोज रात्री उशी भिजायची आणि सकाळी डोळे का सुजले म्हणून कुणी विचारलं तर, "मिरच्या भाजल्या की," हे उत्तर ठरलेलं.

लग्नाची तारीख ठरल्याचा निरोप आला तोही चुलतबहिणीकडे, म्हणजे अक्षताकडे. ती शांतम्माच्या धाकट्या जावेची, निंगव्वाची मुलगी. शांतम्माला ती दोड्डव्वा म्हणे, थोरली आई. गुरुराजनं तिला सांगितलं होतं, "लग्न तिथल्या सरकारी कचेरीत आहे, तुम्ही टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावून बघा. अव्वाला म्हणावं, दुसरं काही नको. समोर बस आणि नूरियाचं एका शब्दानं अभिनंदन कर, तिच्या भाषेत. तिनं एवढं केलं की मी समजेन, तिनं सून पत्करली. मग संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला आम्ही दोघं सोलापूरला येतो."

शांतम्मानं पदर तोंडाला लावला. मग लगेच नाक पुसून म्हणाली, "कुठला शब्द? शिकीव मला."

अक्षतानं फोनवर शोधलं. "दोड्डव्वा, वाढदिवसाला ते लोक फेलिसिदादेस म्हणतात. लग्नाला एनोराबुएना म्हण. आणि पुढं इहा लाव. इहा म्हणजे लेक."

"एवढं लांब? आपल्यात सगळ्याला एकच की, लई बरं झालं!"

पण बाई हट्टाला पेटली. तव्यावर भाकरी असली तरी तोंडात तोच शब्द. सकाळी लिंगपूजेला बसली तरी ओठ हलायचे ते शिवाच्या नावानं की स्पेनच्या, हे त्या शिवालाच ठाऊक. आधी 'राबुएना' जमेना. मग जमलं, तेव्हा शेजारणीच्या सुनेला दिवस गेले म्हणून तिलाही तेच म्हणून आली.

लग्नाच्या दिवशी दुपारी निंगव्वाच्या घरात अख्खी भावकी जमली. टीव्हीच्या बरोबर पुढे शांतम्माची खुर्ची. पडद्यावर नूरिया दिसली, अबोली रंगाच्या साडीत. साडी नेसवणारं कुणी नव्हतं म्हणून निऱ्या एका बाजूला गेल्या होत्या. ते बघून शांतम्माचा हात आपल्याच निऱ्यांकडे गेला. वाटलं, आपण असतो तर नीट नेसवली असती. सह्या झाल्या, टाळ्या वाजल्या. गुरुराजनं नूरियाचा हात धरून तिला कॅमेऱ्यापुढे आणलं. पोरीनं हात जोडले होते आणि ती वाट बघत होती.

तेवढ्यात निंगव्वानं आरतीचं ताट आणलं. मागे कुंकू लावलेल्या बायका पाच. पडद्यावरच्या नवरा-नवरीला ओवाळायचं, अक्षता टाकायच्या.

ताट बघितलं आणि शांतम्मा उठली. तिला कुणी "ऊठ" म्हटलं नव्हतं. भिंतीवर बसवण्णांची तसबीर होती, तिला ताजा हार होता. त्यांनी विधवा-सवाष्ण असल्या भेदांना कधीच मूठमाती दिली होती, हे या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण नवरा, मल्लिकार्जुन, गेला तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला शांतम्मा अशीच मागे सरत आली होती. जित्याची खोड. आणि आज तर पोटच्या पोराचं लग्न. सवाष्णींच्या आधी माझं तोंड नको त्या पोरीनं बघायला, तिच्या कुंकवाला बाध नको. पाचजणींचं होऊ दे, मग मी आहेच. असं मनाशी म्हणत ती स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. शब्द ओठावर तयार होता.

"अव्वा कुठं गेली?" गुरुराजचा आवाज आला.

"हाय की आत!" निंगव्वा ताट फिरवत म्हणाली. "तू ओवाळून घे आदी."

पलीकडून नूरियाच्या आईनं काहीतरी विचारलं. गुरुराज तिला दोन शब्द बोलला. नूरियानं जोडलेले हात हळूच खाली घेतले. खुर्ची रिकामीच दिसत होती.

तिसरी बाई ओवाळत होती तेव्हा तो म्हणाला, "काकू, कचेरीत पुढच्या जोडप्याची वेळ झाली. ठेवतो." आणि पडदा काळा झाला.

शांतम्मा धावत बाहेर आली. "एनोराबुएना, इहा!" ती काळ्या टीव्हीला म्हणाली. एक अक्षरही चुकलं नाही. जमलेल्या बायका खाली बघू लागल्या.

तिनं फोन लावला, त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. मग अक्षतानं शांतम्माच्या आवाजात तो शब्द भरून पाठवला, खाली सगळं समजावून लिहिलं. संध्याकाळी गुरुराजचं उत्तर आलं. अक्षता वाचेना, शांतम्मानं वाचायला लावलं.

"तुम्ही सगळ्यांनी मागं लागून आता म्हणायला लावलं असणार. वेळेला ती उठून गेली, ते नूरियानं बघितलं. मी अव्वावर रागावलेलो नाही. जत्रेला आम्ही येत नाही."

निंगव्वा जवळ बसली. "अक्का, तुमचं काय चुकलं? तुमी रीतीनंच वागला की."

"व्हय," शांतम्मा म्हणाली. "रीतीनंच वागले."

बाहेर अंधार पडत होता, दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. शांतम्मानं अक्षताचा हात धरला.

"पोरी, आणखी एक शिकीव मला. मी तितंच होते, दाराआड उभी होते, हे त्यांच्यात कसं म्हणतात?"

अक्षतानं शोधून हळूच म्हणून दाखवलं. शांतम्मानं ते एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना तिला रडू कोसळलं, तरी ती म्हणतच राहिली.