योगिनीबाईंची दुरुस्ती

योगिनीबाई द्वारकेजवळच्या एका शाळेत गणित शिकवायच्या आणि शाळेत जायच्या आधी रोज गच्चीवर जाऊन सूर्यावरचे डाग मोजायच्या. एक-दोन नाही, तब्बल नऊ वर्षं! दोन इंची साधी दुर्बीण. तिच्यातून पांढऱ्या कागदावर सूर्याचं बिंब पाडायचं, पेन्सिलीने डाग टिपायचे, खाली आकडा लिहायचा. पाहुणे येवोत की ताप, बाईंचा नेम चुकला नाही. नवरा संतोष म्हणायचा, माझ्या शर्टावरचा डाग हिला दिसत नाही, पंधरा कोटी किलोमीटरवरचा बरा दिसतो.

गेल्या महिन्यात एका संशोधन संस्थेने अशा हौशी निरीक्षकांच्या वह्या मागवल्या. बाईंनी पानन् पान फोटो काढून पाठवलं. रविवारी सकाळी तिथल्या डॉक्टर स्नेहलचा फोन आला. शोधनिबंधात शास्त्रज्ञांच्या ओळीत बाईंचं नाव येणार होतं. बाईंना कणकेचे हात पुसायचंही सुचेना.

"एकच विचारायचं होतं," स्नेहल म्हणाली. "तुमचे आकडे उपग्रहाच्या फोटोंशी तंतोतंत जुळतात. दोन इंची दुर्बिणीतून इतकं बारीक दिसणं शक्यच नाही. कसं जमवलंत?"

बाई खुलल्या. ते फोटो इंटरनेटवर मिळतात हे त्यांना दोन वर्षांपूर्वी कळलं होतं. ताडून पाहिलं तर काय, रोजचे दोन-चार डाग निसटलेले! गणिताच्या बाई त्या, वहीत चुकीचं उत्तर राहिलेलं त्यांना खपतंय होय! अख्खी दिवाळीची सुट्टी खोडरबर घेऊन बसल्या, राहिलेले डाग वहीत भरले, आकडे बदलले. तेव्हापासून तर आधी फोटो बघूनच मोजायच्या. हे सगळं त्यांनी अगदी कौतुकाने सांगितलं.

स्नेहलने सावकाश समजावलं. फोटो तर संस्थेकडेही होते. छोट्या दुर्बिणीतून माणसाच्या डोळ्याला किती डाग दिसत नाहीत, हे त्यांना शोधायचं होतं. ते कळलं असतं, तर तीनशे वर्षांपूर्वी हाताने काढलेल्या सूर्याच्या चित्रांवर किती भरवसा ठेवायचा ते ठरलं असतं.

"मॅडम, आम्हाला तुमच्या चुकाच हव्या होत्या. एखाद्या वर्षाची तरी मूळ वही आहे का?"

बाईंनी ओटा घट्ट धरला. पहिल्या दोन वर्षांची कच्ची वही वेगळी आहे असं ठोकून द्यावं, आणि रोजचे दोन-चार डाग कमी करून नवीच उतरवून पाठवावी, असं क्षणभर मनात आलं. कोण बघायला येतंय? निदान नाव तरी छापून येईल. बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या दुरुस्त केल्या. माझं नाव काढून टाका."

फोन ठेवल्यावर त्यांनी सगळ्यात जुनी वही खिडकीपाशी नेली. पहिल्याच पानावर अकरा डाग होते. त्यातले आपण खरोखर पाहिलेले कोणते, हे शोधायला त्यांनी पान तिरपं धरलं, उलटं धरलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. सगळे एकाच हाताचे, एकाच पेन्सिलीचे. एकही ओळखू येईना.